निळ्या डब्यातले तांदूळ

१० डिसेंबर

ही डायरी आईनं दिली. तीन वर्षांपूर्वीची आहे, कोऱ्याची कोरी. वार जुळत नाहीत, म्हणून मी वार लिहिणारच नाही. "मराठीत लिही," म्हणाली, "हिंदी शाळेनं तुझी मराठी पार बिघडवली." मी म्हटलं, लिहितो. घरी येऊन चार दिवस झाले आणि चारही दिवस मी सगळ्याला हो म्हणून राहिलोय. थोडेच दिवस काढायचेत. २० जानेवारीचं दिल्लीचं तिकीट काढूनच आलोय. तिथून वर मनालीला, मागचे दोन हिवाळे प्रवाशांच्या ज्या होस्टेलच्या किचनमध्ये काम करत काढले तिथंच.

घरात माणसं तीन. बाबा नवा रायपूरच्या ऑफिसात जातात, म्हणजे अर्धा दिवस ऑफिस आणि अर्धा दिवस बसची वाट. आई पूर्वी शिकवण्या घ्यायची, आता घरीच असते. नागपूरच्या पुढे ती गेलेली मला आठवत नाही, आणि नागपूरलाही कुणाच्या तरी लग्नाला. तिसरा मी. बी. कॉम. दुसऱ्या वर्षात सोडलं, त्याबद्दल घरात आता कुणी बोलत नाही, हे एक बरं आहे.

चौथी बरबट्टी, आमची कुत्री. पिल्लू होती तेव्हा बरबट्टीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगेसारखी लांब आणि बारीक होती. आता बारा वर्षांची आहे आणि भोपळा झालीय, पण नाव कोण बदलणार? ती फक्त आईच्या हातून खाते. वाटीत ठेवलं तर आपल्याकडे अशी बघते जशी आपण लाच देऊन राहिलो.

१३ डिसेंबर

थंडी पडली. बाबांनी कानटोपी काढली म्हणजे अधिकृतच.

या वर्षी मी ठरवलंय की एक पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं. आजवर एकही वाचलेलं नाही, हे कुणाला सांगत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात गेलो तर कपाटाच्या मागे पडलेलं एक सापडलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली सहा पानं गेलेली, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. डोंगर चढणाऱ्या माणसांचं आहे. एका जाड्या माणसाला वर न्यायचं की नाही यावर त्यांचं भांडण चाललंय. गच्चीत उन्हात बसून बारा पानं वाचली. मग पतंग दिसला. मग पतंग कुणाचा ते बघायला गेलो. मग जेवायची वेळ झाली.

१७ डिसेंबर

आईबरोबर गोल बाजारात. लोकर घ्यायची होती. आईनं पाच दुकानं बघितली आणि दुकानदाराला विचारलं, "खूप म्हणजे खूप थंडीत चालेल न भैया, ये वाली?" तो म्हणाला, "रायपुर में कौन सी इतनी ठंड है दीदी?" आईनं आणखी जाड दाखवायला लावली. करड्या रंगाची घेतली. माझ्यासाठी टोपी विणणार असेल. मला करडा आवडत नाही, पण बोललो नाही.

परत येताना म्हणते, "तू गाडीत झोपतो तेव्हा सामान कुठं ठेवतो रे?"

"उशाशी."

"आणि बाथरूमले गेला तर?"

"समोरच्याला सांगतो."

"अनोळखी माणसाले?"

"आई, इतकी काळजी करू नको."

काळजी करून करून ही बाई मला घरात बसवणार.

संध्याकाळी आणखी एक नवं. "आजपासून बरबट्टीले तू भरव." मी म्हटलं, काहून? "मी नेहमी राहणार आहे काय?" असलं अभद्र बोलू नको म्हटलं. भाताचा गोळा करून तिच्या तोंडाशी धरला. तिनं मान फिरवली. अर्धा तास बसलो. शेवटी आईनंच भरवलं. बरबट्टीची सकाळची गुडघ्याची गोळीही आता माझ्याकडे आली. सुट्टीवर आलोय की नोकरीला?

२२ डिसेंबर

आमच्या घरात एक गोष्ट आहे जी मी बाहेर कुठं पाहिली नाही. संक्रांतीला तिळगुळ झाला की प्रत्येकानं येत्या वर्षाचा संकल्प चिठ्ठीवर लिहायचा. आई त्या चिठ्ठ्या घडी घालून सुईनं शिवते, बाबांची निळ्या दोऱ्यानं, माझी हिरव्या, तिची लाल. मग त्या तांदळात पुरून ठेवायच्या. धान्यात ठेवलेला शब्द किडत नाही, असं आजी म्हणायची. वर्षभर कुणी कुणाला सांगायचं नाही. पुढच्या संक्रांतीला उसवायच्या, एकाची दुसऱ्यानं वाचायची. झालं असेल तर ठीक. नसेल झालं तर अख्ख्या घरानं मिळून ते करून द्यायचं, नाही म्हणायची सोय नाही. बाबांची हार्मोनियम अशीच आली. चिठ्ठी हरवली तर मात्र संकल्प गेला.

मी तीन संक्रांती बाहेर होतो. मागच्या वेळी फोनवरून सांगितलं, आईनं लिहून घेतलं.

आज पितळी डब्यात डोकावलो, चिठ्ठ्या त्यातच असायच्या. आई म्हणाली, "हात नको लावू कशाले." आणि शेजारचा निळा बिस्किटाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. मी वास घेतला होता, त्यात दुबराज तांदूळ आहे. घमघमाट सुटतो. पाहुण्यांसाठी लपवून ठेवते आणि आम्हाला रोज जाडा तांदूळ! काल तर डबा पुसताना दिसली, असा पुसत होती जसं आत लेकरू झोपलंय.

२६ डिसेंबर

माझं वाचन भलतंच वेगात चाललंय. खूण म्हणून मी मनालीच्या बसचं जुनं तिकीट ठेवतो. काल ते ५२ पानावर होतं, आज उघडलं तर ९७. इतकं कधी वाचलं ते आठवत नाही. जाड्या माणसाचं काय झालं तेही आठवत नाही. वाचताना माझं लक्ष किती उडतं याचा हा पुरावा. परत ५२ वर गेलो.

बरबट्टीनं आज हुंगलं. खाल्लं नाही, पण हुंगलं.

१ जानेवारी

नवीन वर्ष. यंदा रोज डायरी लिहायची (हे लिहिताना मागची पानं बघितली नाहीत), पुस्तक संपवायचं, गिटारची तार बदलायची, आणि एका जागी... हे पुढचं काय लिहायचं होतं ते विसरलो, बाबा हाक मारत होते. गीझर पेटत नव्हता.

आईनं दुपारी विचारलं, "तो जो फोटो पाठवला होता तू, खिडकीचा, बाहेर बर्फ, ती खिडकी कोणाच्या खोलीची आहे?" कुठला फोटो ते आठवायलाच वेळ लागला. म्हटलं, कुणाच्याच नाही, जेवायच्या हॉलमधली आहे, कुणीही बसतं. "कुणीही?" म्हणाली. हो म्हटलं, कुणीही. ती बराच वेळ मटार सोलत बसली. सोललेले दाणे टरफलांत टाकत होती आणि टरफलं पातेल्यात.

५ जानेवारी

टोपी झाली. घालून बघितली तर कानाच्या वरच थांबली. आईचा हात इतका चांगला, आणि माप असं चुकावं? म्हटलं, उसवून परत कर. "राहू दे," म्हणाली, "लोकर वाया नाही जात." आणि स्वतःच्याच डोक्यावर घालून पोळ्या लाटायला बसली. बाबा म्हणाले, "काय गे सरोज, एव्हरेस्टले चालली काय?" आम्ही दोघं खूप हसलो.

आज बरबट्टीनं माझ्या हातून तीन घास खाल्ले. तीन! मी ओरडलो तर चौथा टाकून पळाली. आई दारात उभी होती. तिच्या डोळ्यात पाणी आलं. कुत्रीसाठी इतकं? म्हातारं होताना माणसं हळवी होतात, दुसरं काय.

९ जानेवारी

गच्चीत गेलो तर आई माझी सॅक पाठीवर घेऊन उभी. छातीचा पट्टाही लावलेला. मी म्हटलं, काय करून राहिली? "पट्टे कच्चे झाले काय ते बघून राहिली. शिवून देईन." पट्टे चांगले ठणठणीत होते. पण तिनं शिवलेच, लाल दोऱ्यानं, आणि वर लांबीही कमी करून ठेवली. आता मला ती सॅक बगलेत काचते.

होस्टेलच्या मालकाचा मेसेज आला, या वेळी बर्फ चांगला पडलाय, वेळेवर ये. अकरा दिवस राहिले. खरं सांगायचं तर नेहमी निघायच्या आधी पायाला मुंग्या येतात तशा या वेळी अजून आल्या नाहीत. थंडीमुळे असेल.

१३ जानेवारी, दुपार

आज छेरछेरा! किती वर्षांनी इथं आहे मी या दिवशी. नवं धान घरात आलेलं असतं, पोरं झोळ्या घेऊन दारोदार फिरतात, "छेरछेरा" ओरडतात, आणि कुणालाही रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. लहानपणी मीही जायचो. मराठी घरची पोरं जात नाहीत असं आत्या म्हणायची, पण मी जायचो.

आई मंडळात उद्याच्या तयारीला, बाबा पंडरीच्या बाजारात. जाताना आई म्हणाली, "दाराशी गंजात तांदूळ काढून ठेवले आहे, मूठ मूठ दे." पहिल्याच टोळीला मी दोन्ही हातांनी दिलं, पातेलं रिकामं. मग दुसरी टोळी आली. तांदळाचा ड्रम सिलेंडरच्या मागे, कोण हलवणार? तेवढ्यात वरच्या फळीवर निळा डबा दिसला. म्हटलं, वर्षातून एकदा द्यायचं तर चांगलं द्यावं. डबा तसाच झोळ्यांमध्ये ओतला. पिवळ्या झोळीवाली एक पोट्टी वास घेऊन म्हणाली, "भैया, दुबराज!" तिला सगळ्यात शेवटी, डब्याचा तळ झटकून दिला.

फार बरं वाटतंय. आईचा कंजूसपणा आज आपण मोडला.

१३ जानेवारी, संध्याकाळ

चिठ्ठ्या निळ्या डब्यात होत्या.

पितळी डब्याला चीर गेली म्हणून मागच्या वर्षीपासून निळ्यात. मला कोण सांगणार, मी होतो कुठं?

आई आली, फळीकडे बघितलं, मग रिकाम्या डब्याकडे, मग माझ्याकडे. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं डबा धुतला, पुसला, उलटा घातला. बाबा आले, त्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "माझं तर काही नाही, मी दरवर्षी वजनच लिहितो. सरोज, तू तोंडानं सांग न काय लिहिलं होतं. आम्ही चिठ्ठी समजून घेऊ."

आई म्हणाली, "तोंडानं सांगता आलं असतं तर लिहिलं कशाले असतं?"

मग तीळ भाजायला लागली. करपले. आईच्या हातून तीळ करपलेले मी पहिल्यांदा बघितले.

मी बरबट्टीला घेऊन निघालो. लाज सोडली. दिलेलं परत मागत फिरणारा पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, पहिला माणूस मीच असेन. पोरं हसायला लागली, "छेरछेरा उल्टा हो गया रे!" त्यांनी सगळा तांदूळ एकत्र करून शांताकाकींच्या किराणा दुकानात दिला होता आणि बदल्यात सहलीसाठी बिस्किटं, गूळ घेतला होता. शांताकाकी परात घेऊन बसल्या, मीही बसलो. अख्खं पोतं आम्ही निवडलं. निळी सापडली. बाबांचं वजन! हिरवी नाही. लाल नाही. काकी म्हणाल्या, "पिवळ्या झोळीवालीनं दिला नाही आपला तांदूळ. तिनं घरी नेला, आजीले. तलावाच्या बाजूले राहते."

अंधार पडला होता. आता उद्या सकाळी.

१४ जानेवारी

सगळं लिहून ठेवतो, क्रमानं. मध्ये कुठं भरकटायचं नाही.

सकाळी सातला गेलो. धुकं होतं. तलावाजवळचं घर, सारवलेलं अंगण, आणि दाराच्या बाहेर पानावर एक लिंबू, दोन मिरच्या आणि आईची चिठ्ठी. लाल दोऱ्यानं शिवलेली, जशीच्या तशी. मी हात पुढे केला तर आतून म्हातारी ओरडली, "झन छू! टोटका ए!"

तांदळात शिवलेला कागद, वर लाल दोरा. तिला वाटलं कुणीतरी करणी करून पाठवली. नातीनं दुबराज आणला म्हणून रात्री शिजवायला घेतला, तर हे निघालं. सगळा तांदूळ तिनं बाजूला ठेवला होता, एक दाणा खाल्ला नव्हता. ऊन वर आलं की चिठ्ठी तलावात सोडणार होती.

मी मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत सांगितलं. दाई, टोटका नाही, माझ्या आईची चिठ्ठी आहे, आमच्याकडे मनातलं लिहून तांदळात ठेवतात.

"मन के गोठ ला चाउर म कोन राखथे?"

म्हटलं, आम्ही ठेवतो, मनातली गोष्ट तांदळात.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बरबट्टीलाही बघितलं. मग विचारलं, "का मांगे हे तोर दाई?"

मी म्हटलं, आईनं काय मागितलंय ते माहीत नाही.

"अउ तैं ओकर बेटा अस?"

एवढंच म्हणाली. टोमणा नव्हता तो, ती खरंच विचारत होती. मुलगा मीच, आणि मला माहीत नव्हतं. नात म्हणाली, खोलके देख लो न भैया. म्हटलं, आज दुपारी उघडायची, माझ्या हातानं आता नाही. म्हातारीला ते पटलं. "हव, त झन खोल," म्हणाली, आणि चिठ्ठी माझ्या हातावर ठेवून वर मूठभर तांदूळ घातला, आमचाच दुबराज, रिकामं कसं पाठवणार म्हणून. उरलेला मग तिनं चुलीवर चढवला.

घरी आलो. आई ओट्याशी होती. मी मूठ उघडली. तिनं चिठ्ठी घेतली नाही, आधी शिवण बघितली. उसवलेली नाही ना, ते.

दुपारी तिळगुळ झाल्यावर बाबांची मी उसवली. चार किलो कमी करणे. तीन किलो वाढलंय. बाबा म्हणाले, "घरानं मिळून करून द्या." आईची वाचायची पाळी बाबांची होती, पण चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचली. इथं तशीच उतरवतो:

'राजसने फोटो पाठवला आहे ती खिडकी. तिथे एकटीने जाऊन बसायचे. बाहेर बर्फ पडत असावा. चहा कोणीतरी करून द्यावा. मी करायचा नाही.'

 बरबट्टी खाजवत होती.

मग बाबा म्हणाले, "अगं पण एकटी? थंडी किती तिथं!"

"टोपी विणली न," आई म्हणाली.

तेव्हा मला टोपी कळली. मग लोकर कळली, सॅक कळली, गाडीतलं सामान, बरबट्टीचे घास, सगळं एकामागून एक असं येऊन पडायला लागलं की मी उठून गच्चीत गेलो. पुस्तक तिथंच होतं. तिकिटाची खूण १६३ पानावर. मी स्वतः ७१ वर आहे.

खाली आलो तर बाबा हिशेबाला बसल्यासारखे गंभीर. "नियम म्हणजे नियम. घरानं करून द्यायचं. पण आता ऐन वेळी तिकीट कुठून मिळते?"

माझ्या तोंडून निघालं, "माझं आहे न."

१६ जानेवारी

रिझर्वेशन काउंटरवर कळलं की घरच्या माणसाच्या नावावर तिकीट बदलून मिळतं. अर्ज लिहिला, आई-मुलाचं नातं दाखवायला कागद दिले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही का नाही जात?" म्हटलं, कुत्रीला गोळी द्यायची असते.

मालकाला फोन केला. म्हटलं, मी येत नाही, माझी आई येतेय. काम करणार नाही. चुकून स्वयंपाकघरात शिरलीच तर बाहेर काढा.

माझी हिरवी चिठ्ठी अजून सापडली नाही. त्यात काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. 'कुठंच थांबायचं नाही' असं आईला फोनवर लिहायला लावलं होतं. म्हणजे ती अजून फिरतेच आहे.

२० जानेवारी

आईला गाडीत बसवलं. सॅक तिच्या पाठीवर अगदी बरोबर बसते. बाबा प्लॅटफॉर्मवर दहा सूचना देत होते, शाल, पाणी, फोन. आई म्हणाली, "अहो, समोरच्या माणसाले सांगून जाते मी बाथरूमले." समोरचा माणूस दचकला.

गाडी हलली तेव्हा तिनं हात नाही केला. खिडकीतून पुढे बघत होती.

घरी येऊन बरबट्टीला भरवलं. दारात बसून राहिली ती, बराच वेळ. मी पण. मग आठ घास खाल्ले.

२५ जानेवारी

आज फोटो आला. खिडकी, बर्फ, पेला. आई फोटोत नाही, फक्त टोपी काढून पेल्याशेजारी ठेवलेली. बाबांनी तो फोटो ऑफिसच्या बसस्टॉपवर सगळ्यांना दाखवला. बस लवकर आली म्हणून वैतागले.

संध्याकाळी फोन केला. म्हटलं, पुस्तक कुठं आहे? दोन दिवस शोधून राहिलोय, पूर्ण घर पालथं घातलं.

"माझ्याजवळ आहे."

"आई! मी ११८ वर होतो! आयुष्यात पहिल्यांदा!"

"माहीत आहे. तुझी खूण तशीच ठेवली आहे. त्या जाड्या माणसाचं काय झालं, सांगू?"

"नको."

"मग येताना आणते. मी दहा-बारा दिवस अजून राहून राहिली इथं. तोवर थांबशील न?"

हो म्हटलं. पायाला मुंग्या आल्यात का ते बघितलं. बरबट्टी पायावर झोपली होती, त्यामुळे आल्या होत्या, पण वेगळ्या.

या वर्षीची चिठ्ठी मी आज लिहिली, संक्रांत उलटून गेली तरी. स्वतःच शिवली, टाके वाकडे आलेत. तलावाजवळच्या म्हातारीनं दिलेला मूठभर दुबराज निळ्या डब्यात होता, त्यात ठेवली. काय लिहिलं ते सांगायचं नसतं, डायरीलाही नाही. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: हे तांदूळ कुणाला द्यायचे नाहीत. मराठीत लिहिलं, आणि खाली छत्तीसगढीतही.